मदत हवी आहे: पाच रुपयांचं 'लाखी' (दोन्हीकडे एकच छाप, एका बाजूला उलटी) नाणं, खरं की दाबून केलेलं?

नमस्कार मंडळी,

वडील एसटीत कंडक्टर होते. एका रात्री हिशेब करताना गल्ल्यात पाच रुपयांचं एक विचित्र नाणं निघालं. पदरचे पाच रुपये भरून त्यांनी ते ठेवून घेतलं आणि आजवर कागदाच्या पुडीत जपलं. १९९२ पासून निघालेलं ते जाड, तांबं-निकेलचं पाच. एका बाजूला नेहमीचे सिंह. पालटलं की तिथेही सिंहच, पण खोलगट आणि उलटे. 'भारत' आरशात दिसावं तसं. आकडा नाही, साल नाही.

मागच्या आठवड्यात एका दुकानदाराने नुसतं बघून "व्हाइसमध्ये (शिकंज्यात) दाबलंय" म्हणून परत केलं. बाबा तेव्हापासून गप्प आहेत. विकायचं नाही, पण खरं काय ते त्यांना सांगायचंय. फोनवर एकाने लाखभर देतो म्हणत आधी 'नोंदणी फी' मागितली. आई चिंचेने उजळून देते म्हणते. ग्रेडिंगला (नाण्याचा खरेपणा आणि दर्जा तपासणाऱ्या संस्थेकडे) पाठवू का?

प्रतिसाद:

आधी आईंना थांबवा! घासलेल्या नाण्याला ग्रेडिंगवाले आकडा देत नाहीत, 'साफ केलेलं' असा शेरा मारतात. आणि फी मागणाऱ्याचा नंबर ब्लॉक करा. अशा लोकांबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच सावध केलं होतं.

आता नाणं. छापलेलं नाणं आकड्याच्या ठशाला चिकटून राहिलं की पुढच्या कोऱ्या चकतीवर एका बाजूने दुसऱ्या ठशाचे सिंह उठतात आणि दुसऱ्या बाजूने चिकटलेल्या नाण्याचे सिंह आत उमटतात. तीच लाखी. दोन तयार नाणी एकमेकांवर दाबली तर खड्ड्यांच्या आजूबाजूला मूळच्या ५ च्या चपट्या खुणा राहतात, आणि दाबामुळे पलीकडचे सिंहही चेपतात. दहापट भिंगाखाली, दिवा आडवा धरून बघा. टांकसाळ मात्र कळणार नाही. मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका सालाखाली असतो, आणि सालच छापलेलं नाही.

ग्रेड १ ते ७० असते, ६० पासून पुढे न वापरलेलं. तुमचं हाताळलेलं आहे, त्यामुळे तो आकडा गौण. लाखीत आधी बघतात ते उलटी छाप किती पूर्ण आणि ठसठशीत आहे ते. किमतीसाठी लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या नाण्यांचे भाव पाहा, मागितलेले नव्हे. विकायचं नसलं तरी एकदा ग्रेडिंग करून घ्याच. खरेपणाची लेखी खात्री मिळते, आणि बाबांना तीच हवी आहे.

धागाकर्ता:

खूप आभार. सोनाराकडे वजन केलं, बरोबर ९ ग्रॅम. त्याचंच भिंग घेऊन बाबांनी स्वतः पाहिलं. पाचाचा मागमूस नाही, पुढचे सिंह धारदार. पुडी काढून नाणं जाड पुठ्ठ्याच्या होल्डरमध्ये ठेवलंय. ग्रेडिंगचा फॉर्म बाबाच भरत बसलेत.