प्रतिसाद: कॉइलचा बर्नर तापत नाही

इलेक्ट्रिक कॉइलच्या शेगडीचा एकच बर्नर तापत नाही आणि बाकीचे तीन चालतात म्हणताय तर लगेच नवीन कॉइल मागवू नका हो. आधी वीज पॅनेलमधला शेगडीचा ब्रेकर (वीज तोडणारा स्विच) बंद करा, अमेरिकेत या शेगडीला 240 व्होल्ट असतात त्यामुळे नुसत्या नॉबवर अजिबात विसंबू नका, मग गार झालेली कॉइल ओढून काढा आणि चालणाऱ्या बर्नरची तिच्याच साइजची दुसरी कॉइल तिथे लावून, ब्रेकर परत चालू करून बघा. ती तापली तर तुमची कॉइल गेली, नाही तापली तर सॉकेट (कॉइल जिथे खोचतात ते) किंवा नॉबमागचा स्विच गेला. मल्टिमीटर (वीज मोजायचं मीटर) असेल तर काढलेली मोठी कॉइल साधारण 25 ओहम दाखवते, आतून तुटलेली असेल तर आकडा येतच नाही, OL म्हणजे सर्किट तुटलंय असं दिसतं. सॉकेट काळं पडलं असेल तर तेही बदलाच, नाहीतर नवी कॉइलपण जळेल. भाड्याचं घर असेल तर सरळ मेंटेनन्सला सांगा.