बीबीएला कुठं घालू? विमाननगर, खारघर की सीईटीतून पुण्यातलं साधं कॉलेज

मिरजेची_आई
नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितेय, कंटाळू नका. मुलगी यंदा बारावी कॉमर्स झाली, ८१ टक्के, गणित घेतलेलं. बीबीए करून पुढं एमबीए करायचं हे तिचं दहावीपासून ठरलेलं आहे. तिनं सिंबायोसिसची सेट दिली, एनएमआयएमएसची एनपॅट दिली आणि आपल्या राज्याची बीबीए-बीसीए सीईटीपण दिली. आता झालंय असं की विमाननगरच्या एससीएमएसला म्हणजे सिंबायोसिसच्याच कॉलेजला नंबर लागलाय, एनएमआयएमएसचं पण पत्र आलंय पण ते खारघर कॅम्पसचं, आणि सीईटीला ९३ पर्सेंटाइल आहेत म्हणजे पुण्यात डेक्कन-शिवाजीनगरकडचं एखादं बरं कॉलेज मिळेल असं क्लासवाले सर म्हणतात, पण कॅपचे (सरकारी केंद्रीय प्रवेशाचे) राउंड अजून लागायचेत आणि या दोन डीम्डवाल्यांना पैसे आत्ता भरायचेत.
आमचं रंगाचं दुकान आहे, बाजूला टाकलेले पाच-सहा लाख आहेत, धाकटा नववीत. डीम्डचं फी, हॉस्टेल, मेस, येणंजाणं सगळं धरून तीन वर्षांचं गणित आमच्या कागदावर वीस लाखाच्या घरात जातंय. ह्यांनी तो कागद बघितला आणि घडी घालून खिशात ठेवला, त्यावर चार दिवस झाले काही बोलले नाहीत. नणंद म्हणते एनएमचं नाव आहे, डोळे झाकून घ्या. काय करावं काही सुचंना. ज्यांची मुलं यातून गेलीत त्यांनी खरं खरं सांगा.

पार्ले_लोकल
काकू, आधी एक गोंधळ मिटवतो कारण तुमच्या नणंदेचा पण तोच झालेला दिसतोय. एनएम कॉलेज वेगळं आणि एनएमआयएमएस वेगळं. ट्रस्ट एकच, दोन्ही पार्ल्यात, म्हणून बाहेरगावच्या लोकांना एकच वाटतं. एनएम हे मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉमर्स कॉलेज, एनएमआयएमएस हे डीम्ड विद्यापीठ, फी आणि प्रवेश दोन्ही वेगळं. आणि लोक जेव्हा एनएमआयएमएसच्या बीबीएचं कौतुक करतात तेव्हा बहुतेक वेळा पार्ल्याच्या कॅम्पसबद्दल बोलत असतात. खारघर वाईट आहे असं अजिबात म्हणत नाही, पण प्लेसमेंटचे आकडे विचारताना 'फक्त खारघरच्या बीबीएचे द्या' असं स्पष्ट म्हणा, नाहीतर सगळ्या विद्यापीठाचा एकत्र कागद हातात देतील. सिंबायोसिसचं पण तसंच, पुणे, नोएडा, नागपूर वेगवेगळं धरायचं.

सरळसोट
बीबीए करूच नका. बीकॉम प्लस सीए. आता आर्टिकलशिप पण तीनची दोन वर्षं झालीय. विषय संपला.

मिरजेची_आई
@सरळसोट दादा, सीए नको हे तिनं स्वतः सांगितलंय. मोठ्या दिरांचा मुलगा सहा वर्षं इंटरला अडकलेला तिनं घरात बघितलाय. तो विषय खरंच संपला.

स्टाफरूम
मी पुण्यातल्या एका संलग्न कॉलेजात बीबीएला शिकवतो, त्यामुळे साध्या कॉलेजाची आतली बाजू सांगतो, चांगली आणि वाईट दोन्ही.
पहिलं म्हणजे ही सीईटी आली कुठून. २०२४ पासून बीबीए, बीसीए, बीएमएस हे कोर्स एआयसीटीईच्या म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेच्या छत्राखाली आले आणि त्याच वर्षी राज्यानं सीईटी लावली. मुंबईकडच्या बऱ्याच कॉलेजांनी तेव्हा बीएमएसचं नाव बदलून बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज केलं, वर्ग तोच, शिक्षक तेच, पाटी नवी, म्हणजे एआयसीटीई पण टळली आणि सीईटी पण. तेव्हा कोर्सच्या नावावरून कॉलेज कमी-जास्त ठरवू नका, विषयांची यादी मागा.
आता आमचं दुखणं. पूर्णवेळ शिक्षक कमी, तासावर येणारे जास्त, ते वर्षाच्या मधेच दुसरीकडे जातात. संलग्न कॉलेजात अभ्यासक्रम विद्यापीठाचा, तो आमच्या हातात नाही. स्वायत्त कॉलेज असेल, उदाहरणार्थ बीएमसीसी किंवा फर्ग्युसन, तर ते अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः करतात आणि डिग्री तरी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचीच मिळते, म्हणून ऑप्शन फॉर्म भरताना स्वायत्त कॉलेजं वर ठेवा. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट हा तर विनोदच आहे, आमच्या गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्यानं चक्क पाटी लावलीय, प्रोजेक्ट तयार मिळेल, बाइंडिंगसह. विद्यार्थी दुकानाचं नाव बदलतात, मी सही करतो, मलाही लाज वाटते पण १२० प्रोजेक्ट एका आठवड्यात तपासायचे असतात.
चांगली बाजू अशी की ज्या पोरांना स्वतःहून काही करायचंय त्यांना वेळ भरपूर मिळतो. दुपारी एकला कॉलेज सुटतं. त्या वेळेचं काय करणार हे मुलीला विचारा, बाकी सगळं नंतर.
आणि ताई, एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत ती विचारतो, आरक्षणात बसता का? कारण ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, कॅपमधून घेतलेल्या व्यावसायिक कोर्सचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के शासन भरतं. डीम्ड आणि खाजगी विद्यापीठांना हे लागू नाही, मॅनेजमेंट कोट्याला पण नाही. बरेच पालक कोट्यातून जागा घेऊन बसतात आणि मग महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, अर्ज भरायला येतात, तेव्हा त्यांना सांगताना आमचाच जीव वर-खाली होतो.

मिरजेची_आई
सर, आम्ही ओबीसी. उत्पन्न आठच्या आतच आहे. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, क्लासवाल्यांनी पण नाही!! नॉन क्रीमी लेयर मागच्या वर्षी काढलेलं आहे, मुदत संपली का ते आत्ताच बघते.

विमाननगर_पासआउट
काकू, मी तिथंच शिकले, अकोल्याहून गेले होते, वडील बँकेत. दुसरी बाजू पण ऐका म्हणून लिहितेय. पैसे कशाचे जातात तर मुख्यतः सोबतच्या पोरांचे. पहिल्या महिन्यात माझी अवस्था अशी होती की ग्रुप प्रेझेंटेशनला मी स्लाइड बदलायचं काम मागून घ्यायचे, बोलायला नको म्हणून. तिसऱ्या सेमिस्टरला मीच इव्हेंटसाठी स्पॉन्सर शोधत एमजी रोडवरच्या दुकानादुकानांत फिरत होते, अकरा जणांनी नाही म्हटलं, बाराव्यानं पाच हजार दिले आणि त्या पाच हजारांचा आनंद मला पहिल्या पगारापेक्षा जास्त झाला. हे साध्या कॉलेजात होत नाही असं नाही, पण तिथं तुम्हाला कुणी ढकलत नाही.
पण खर्च जो ब्रोशरमधे नसतो तो सांगते. लॅपटॉप, फॉर्मल कपडे, क्लबची फी, कुणाचा तरी वाढदिवस, शुक्रवारी रात्रीचं बाहेर जेवण. मी वर्षभर 'पोट बिघडलंय' सांगून टाळलं. तुमच्या मुलीला नाही म्हणता येतं का हे तुम्हालाच माहीत. आणि पुढं एमबीए नक्की करायचंय असेल तर खरं सांगू, आमच्या बॅचमधल्या ज्यांना एमबीएच करायचं होतं ते तिसऱ्या वर्षी कॅटच्या म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेच्या क्लासला होते, तोच क्लास ज्यात बीएमसीसीची पोरं पण होती.

चाकणवाला
चाकणच्या एका कंपनीत एचआरला आहे, दरवर्षी ट्रेनी घेतो, बीबीएचे पण. कॉलेजचं नाव मी बघतो, खोटं कशाला बोलू, पण ते अर्ज चाळताना. समोर पोरगं बसल्यावर चित्र वेगळं असतं. मागच्या वर्षी एका महागड्या ठिकाणचा मुलगा आला, सूट वगैरे, रिझ्युमेवर 'मार्केट सर्व्हे, रिटेल सेक्टर'. विचारलं किती दुकानं फिरलास, कोणत्या रस्त्यावर, दुकानदार काय म्हणाले. गप्प. नंतर बारामतीकडची एक मुलगी आली, कॉलेजचं नाव मी आधी ऐकलेलं नव्हतं, तिनं वडिलांच्या दूध संकलन केंद्राचा हिशोब दोन वर्षं एक्सेलमधे ठेवलेला, कुणाच्या दुधाची फॅट कधी घसरते, उचल कुणाची किती थकली, मोबाइलवर उघडून दाखवलं. तिला घेतली हे सांगायला नकोच.
प्लेसमेंटच्या जाहिरातीत 'हायेस्ट पॅकेज' असतं ते सोडून द्या. मीडियन, म्हणजे बरोबर मधल्या पोराचं पॅकेज, विचारा, आणि शंभर टक्के म्हणजे कितीपैकी शंभर ते विचारा. नोंदणी केलेल्यांपैकी असतं ते बऱ्याचदा, निम्मी बॅच पुढं शिकायला जाते म्हणून तिची नोंदणीच नसते. आणि एनआयआरएफच्या म्हणजे केंद्र सरकारच्या क्रमवारीच्या मॅनेजमेंट यादीतला नंबर बीबीएच्या ब्रोशरवर छापलेला असेल तर लक्षात ठेवा, ती यादी मुळात एमबीएवाल्या संस्थांची आहे.

बॅलन्सशीट
बँकेत होतो, आता निवृत्त. कर्जाचं कुणी बोललं नाही म्हणून बोलतो. समजा दरवर्षी पाच असे पंधरा लाख उचलले, दर दहा टक्के धरा. शिकत असताना आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, सगळे त्यालाच भुलतात, पण व्याज चालूच असतं. ते भरत गेलात तर नंतर दहा वर्षांच्या मुदतीला महिना साधारण १९,८०० हप्ता. नाही भरलं तर सरळ व्याजानंसुद्धा साडेचार लाख वर चढतात आणि हप्ता जातो २५,७०० च्या आसपास. बीबीए झालेल्या पोरीचा पहिला पगार आणि हा हप्ता शेजारी शेजारी लिहून बघा. त्यात ती लगेच एमबीएला जाणार म्हणजे पगारच नाही, वर दुसरं कर्ज, आणि चांगल्या एमबीएची फी आज यापेक्षा मोठी आहे.
साडेसात लाखाच्या वर गेलं की बँक सहसा तारण मागते, म्हणजे तुमचं घर. पीएम विद्यालक्ष्मीमधे यादीतल्या संस्थांना तारण आणि जामीनदार दोन्ही लागत नाही, शिवाय आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिकत असताना तीन टक्के व्याज सवलत आहे, संस्था यादीत आहे का ते पोर्टलवर बघून घ्या. पण सवलत मिळतेय म्हणून कर्ज काढायचं नसतं.
माझं मत विचाराल तर कॅटला बसायला कुठल्याही शाखेची पदवी आणि ५० टक्के लागतात, पदवी कुठली ते कुणी विचारत नाही. शॉर्टलिस्टला दहावी, बारावी, पदवीचे मार्क मोजतात हे मात्र विसरू नका, साध्या कॉलेजात आहे म्हणून अभ्यास साधा करून चालणार नाही. कर्ज काढायची एकच वेळ मिळणार असेल तर ती एमबीएसाठी राखून ठेवा.

पार्ले_लोकल
काका बरोबर बोलताहेत पण एक शंका. दुपारी एकला कॉलेज सुटल्यावर पुण्यात रूमवर पडून रील्स बघणारी पण भरपूर बघितलीत मी. माझा स्वतःचा भाऊ त्यातलाच.

स्टाफरूम
@पार्ले_लोकल मान्य. माझ्या वर्गात पण शेवटचे तीन बाक तेच करतात.
ताई, राउंडचं एक लक्षात ठेवा, पहिल्या राउंडला पहिलाच पर्याय मिळाला तर तो आपोआप फ्रीज होतो, पुढं बदलता येत नाही, त्यामुळे एक नंबरला उगाच कुठलं तरी लिहू नका. आणि डीम्डला पैसे भरून ठेवलेच तर यूजीसीचं फी परताव्याचं त्या वर्षीचं परिपत्रक काढून तारखा लिहून ठेवा, परतावा मागताना अर्ज मेलवर करा, फोनवर नको.

मिरजेची_आई
मंडळी, उशिरा लिहितेय, माफ करा. त्या दिवशी रात्री सगळी उत्तरं ह्यांना वाचून दाखवली. कर्जाचा हप्ता ऐकल्यावर खिशातला कागद बाहेर निघाला आणि मागच्या बाजूला परत आकडेमोड सुरू झाली. पोरगी तोंड फुगवून बसलेली, विमाननगरचं फार मनात होतं तिच्या. दोन दिवस जेवताना पण बोलली नाही.
मग शनिवारी आम्ही तिघं पहाटेच्या एसटीनं पुण्याला गेलो, आधी विमाननगर बघितलं, मग डेक्कनला आलो. ऑफिसात कुणी धड बोललं नाही म्हणून सरळ कँटीनमधे जाऊन बसलो. तिसऱ्या वर्षाच्या दोघी भेटल्या, एक इस्लामपूरची निघाली, म्हणजे आमच्याकडचीच. माझ्यासमोर काही बोलेनात म्हणून मी आणि हे चहा घ्यायला म्हणून बाहेर आलो, तासभर तिघी बोलत होत्या. येताना गाडीत कन्या म्हणाली, ती दुपारी दोनपासून सातपर्यंत एका ट्रॅव्हल ऑफिसात काम करते, आठ हजार मिळतात, मी पण करणार. चाकणवाल्या दादांनी लिहिलेली दुधाची गोष्ट तिनं परत काढून वाचली आणि काल दुकानाची उधारीची वही मागून घेतली. पहिल्याच पानावर तिच्या काकांचं नाव, २०२२ पासूनचे ४,३०० येणं. हे म्हणाले ते पान राहू दे. ती म्हणाली, का?
विमाननगरची जागा सोडली. मन थोडं दुखतंय, नाही असं नाही. कॅपला पहिल्या राउंडला तिसरा पर्याय लागला, बेटरमेंटला ठेवलाय, म्हणजे वरचा पर्याय मिळतो का बघायला, दुसरा राउंड सोमवारी आहे. नॉन क्रीमी लेयरची मुदत सप्टेंबरपर्यंत निघाली, वाचलो.
आता एकच विचारते, डेक्कन, कर्वे रोड नाहीतर सदाशिव पेठेच्या बाजूला मुलींचं बरं वसतिगृह किंवा कॉट बेसिसवर खोली कुणाच्या माहितीत आहे का? रात्री यायला साडेसात-आठ होणार, तेवढं चालवून घेणारं पाहिजे. आणि मेस जवळ असावी, पोरीला भाकरी लागते.