मदत हवी आहे: झिंक प्लेटिंगमधलं पाणी आणि क्रोम कमी करायचंय

नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत आमचं झिंक प्लेटिंगचं (धातूच्या मालावर जस्ताचा थर चढवण्याचं) छोटं युनिट आहे. ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा) आहे, पण मुळात पाणीच कमी वापरायचंय. ताजं पाणी धुण्याच्या शेवटच्या टाकीत सोडून उलट दिशेने पहिलीपर्यंत आणायचा विचार आहे. जागा अपुरी, दोन टाक्यांत भागेल का? जॉब (प्लेटिंगचा माल) बाथवरच, म्हणजे रसायनाच्या टाकीवरच, नीट निथळू दिला तर निम्मं काम सोपं होतं, पण पीस रेटवाली (नगावर मजुरी घेणारी) पोरं ऐकतील तर शपथ!

दुसरं, पिवळ्या पॅसिव्हेशनसाठी (जस्तावर गंजरोधक थर देण्यासाठी) जास्त विषारी हेक्साव्हॅलंट क्रोम सोडून कमी विषारी ट्रायव्हॅलंट क्रोम घ्यायचंय. सॉल्ट स्प्रेला (मिठाच्या फवाऱ्याच्या गंज चाचणीला) टिकतं का? रंग फिका म्हणून गिऱ्हाईक माल परत करतं का?

सोलर सुचवू नका, शेड भाड्याची आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कुणी केलं असेल तर बघायला येईन.