सासूबाईंची घालमेल डॉक्टरांना कशी दाखवू?

रामबागेतली सून, इंदूर:
सासूबाई ७९ वर्षांच्या, अल्झायमर आहे. दिवेलागण झाली की दाराची कडी चाचपत राहतात, पदराचं टोक पिळतात, "हे अजून राजवाड्यावरून आले कसे नाहीत?" असं विचारत राहतात. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. मी न्हाणीघरात गेले तरी लगेच दार वाजवतात. डॉक्टरांनी मात्र "घबराहट होती है?" विचारलं तर हसून म्हणाल्या, "नहीं तो, सब बढ़िया." हा आजाराचाच भाग समजायचा, की वेगळी चिंता? ती मोजता येते का? त्यांची तगमग बघवत नाही हो.

वैद्य_मानसी (मानसोपचार विभागात काम):
ताई, येते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठीच १९९९ साली आलेली 'रेड' (RAID) नावाची चिंतेची मोजपट्टी आहे. काळजी, दचकणं, झोप, अस्वस्थ येरझाऱ्या, थरथर, धडधड अशा १८ गोष्टी, प्रत्येकीला ० ते ३ गुण. बेरीज ११ किंवा जास्त आली तर चिंता दखल घेण्याजोगी मानतात. गेल्या दोन आठवड्यांचं विचारतात, रुग्णालाही आणि सांभाळणाऱ्यालाही. आजी काल संध्याकाळचं विसरल्या असतील, तुम्ही विसरलेल्या नाहीत. म्हणून तुमचं सांगणं तपासणीचाच भाग आहे. किती वाजता सुरू होतं, आधी काय घडलं, किती वेळ टिकतं, कशानं शांत होतात, हे लिहून न्या.
दुसऱ्या आजारानं किंवा औषधानं होणाऱ्या लक्षणांना यात गुण देत नाहीत. दम्याच्या पंपानंही हात थरथरतात, छाती धडधडते. दुखणं, बद्धकोष्ठ, थायरॉइड आधी बघून घ्या. आणि झोपेची गोळी मनानं देऊ नका. या वयात तोल जातो, गोंधळ वाढतो.

लष्करवाला, ग्वाल्हेर:
आमच्या वडिलांची अस्वस्थता एकाएकी वाढली होती, लघवीचा संसर्ग निघाला. तीही तपासणी करून घ्या.

रामबागेतली सून:
मनापासून आभार. पण त्यांच्यासमोर हे सगळं सांगितलं की दुखावतात. "मला वेडी ठरवता का?" म्हणतात.

वैद्य_मानसी:
मग समोर सांगूच नका. टिपणाचा कागद आधी आत पाठवा, स्वतंत्र पाच मिनिटं मागा. आजींशी डॉक्टर आधी बोलू देत, शक्यतो मराठीतून, आणि मध्ये त्यांचं उत्तर तुम्ही दुरुस्त करू नका. "काही होत नाही" म्हणतानाही त्या पदर पिळत असतील, तर तेही डॉक्टरांना दिसायला हवं.