पडदा काढल्यावरही डोक्यातून जाणार नाही असा सिनेमा सुचवा

वडगावची

आमची गल्ली बेळगावच्या वडगावातली. बऱ्याच घरांत अजून माग चालतात. अर्ध्या घरांत कन्नड, अर्ध्या घरांत मराठी, पोरं दोन्ही बोलतात. गणपतीत एक रात्र चौकात पडदा बांधून सिनेमा दाखवायची आमच्या मंडळाची जुनी रीत आहे. यंदा सिनेमा निवडायचं काम माझ्याकडं आलंय.

मारामारीचा नाहीतर विनोदी सिनेमा लावला की गर्दी होते, शिट्ट्या पडतात. दुसऱ्या दिवशी त्यातलं अक्षर कुणी काढत नाही. मला असा सिनेमा पाहिजे की आठ दिवसांनी कांड्या भरताना आमची आज्जी त्यावर बोलली पाहिजे, आणि सातवीतला पोरगापण. नुसतं 'छान आहे, बघाच' असं लिहू नका. तो बघून तुमच्या वागण्यात काय फरक पडला, ते सांगा.

'सैराट' नको. गल्लीत तो सगळ्यांनी बघितलाय, आणि त्याचा कन्नड 'मनसु मल्लिगे'पण, कारण रिंकू राजगुरू दोन्हीकडं. 'सैराट'च्या शेवटी ते लेकरू रक्ताची पावलं उमटवत बाहेर येतं आणि पडद्यावर आवाजच नसतो, ते आमच्या बायका अजून बोलतात. म्हणजे जड सिनेमा पेलायची ताकद गल्लीत आहे.

नेत्रसहायक, खानापूर

'श्वास' लावा. मी खानापूर तालुक्यात डोळे तपासायचं काम करते, तेव्हा माझं उत्तर थोडं माझ्या कामातून येणार.

संदीप सावंतांचा हा सिनेमा २००४ साली लागला तेव्हा मी शिकत होते. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठीला राष्ट्रीय पुरस्कारांतलं सुवर्णकमळ मिळालं, त्या वर्षी भारताकडून ऑस्करला तोच गेला, असं सगळं पेपरात येत होतं म्हणून आम्ही मैत्रिणी बघायला गेलो. गोष्ट अगदी थोडी आहे. कोकणातला आजोबा नातवाला, परशुरामला, शहरातल्या डॉक्टरकडं घेऊन येतो. पोराच्या दोन्ही डोळ्यांत कॅन्सर निघतो. जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागणार. अरुण नलावडे आजोबा झालेत आणि अश्विन चितळे तो पोरगा.

लोक सांगतात तो प्रसंग म्हणजे ऑपरेशनच्या आधी आजोबा नातवाला दवाखान्यातून गुपचूप बाहेर नेतो आणि दिसतंय तोवर शहर दाखवतो. तो आहेच. पण माझ्या मनात त्याच्या आधीचं राहिलंय. पोराला हे सांगायचं कुणी? डॉक्टरचं म्हणणं असतं की ऑपरेशनआधी त्याला कळलंच पाहिजे. आणि एकाही मोठ्या माणसाच्या तोंडातून शब्द फुटत नाही. पोरगं तिथंच असतं, त्याच्या डोळ्यांबद्दल सगळं चाललेलं असतं, आणि ते सोडून सगळ्यांना माहीत असतं.

वागण्यात काय फरक पडला विचारलंत ना? बाहुली मोठी करायचे थेंब घालायचे असले की दवाखान्यात सगळीकडं पोराला धरतात. आई हात धरते, बाप डोकं धरतो, 'काही नाही बाळा, पाणी आहे' म्हणतात. मी तसं कधीच करत नाही. पोरासमोर खाली बसते आणि सांगते, हे औषध झोंबणार, मग काही तास जवळचं अंधूक दिसणार, पुस्तक वाचता येणार नाही, उन्हात डोळे दिपणार, मग परत पहिल्यासारखं होणार. कणकुंबीकडची एक चार वर्षांची पोरगी सगळं ऐकून म्हणाली, 'आधी ह्या डोळ्यात घाल.' पोरं रडतात, नाही असं नाही. पण फसवल्यासारखं बघत नाहीत. हे मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं नाही.

आणखी एक कारण. हा आजार, रेटिनोब्लास्टोमा, बहुतेक पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो. काळ्या बाहुलीत पांढरी चमक दिसते, मांजराच्या डोळ्यासारखी. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एक डोळा लाल आणि दुसरा पांढरा आला तर मोबाइलला दोष देऊन सोडून देऊ नये. कधी डोळा तिरळा दिसायला लागतो. प्रत्येक पांढरी चमक कॅन्सरच असते असं नाही, लहान मुलांना मोतीबिंदूसुद्धा होतो. पण डोळ्यांच्या डॉक्टरकडं त्याच आठवड्यात नेलं पाहिजे. लवकर सापडला तर जीव वाचतो, आणि आता केमो, लेझर वगैरे असल्यामुळं पुष्कळदा डोळापण राखता येतो. तुमच्या चौकात शंभर आयाबाया बसणार. त्यांना हे मी भाषण करून सांगितलं तर विसरतील. परशुरामला बघून विसरणार नाहीत.

चिकोडीकर

ताई, तुमचं पटलं, पण 'श्वास'मध्ये वाईट कोण नाही. सगळी माणसं भली, दैव तेवढं वाईट. म्हणून बघणारा मोकळा रडतो आणि घरी जातो. मी म्हणतो 'फँड्री' लावा.

मी कोल्हापूरला शिकायला होतो तेव्हा थेटरात बघितला, २०१४ ला. जब्या हा गावानं खालच्या मानलेल्या जातीतला शाळकरी पोरगा. त्याचं घरदार डुक्कर धरायला धावतंय आणि गावातली माणसं निवांत बसून मजा बघतायत. आमच्या थेटरातपण हशा चालला होता. मी पण हसलो. डुक्कर हाताला लागणार तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, सगळी जागच्या जागी ताठ उभी, डुक्कर निघून जातं. तिथंपण हसणारे होते. आणि शेवटी जब्या दगड उचलून मारतो तो सरळ आमच्याकडं, पडद्यातून. अंधार. कुणी जागचं हललं नाही.

फरक काय पडला? आमच्या गावात एका घराला हाक मारायची एक पद्धत होती, जातीचं नाव जोडून. सगळेच तसं म्हणायचे, मी पण. आता मी त्या काकांना त्यांच्या नावानं हाक मारतो, आणि माझ्यासमोर दुसऱ्या कुणाला तसं बोलू देत नाही. ह्यावरनं मित्रांशी वाजलंय पण.

नेत्रसहायक, खानापूर

दादा, हे वाचून बरं वाटलं. पण 'श्वास' बघून माणूस मोकळा होऊन घरी जातो हे मला मान्य नाही. भल्या माणसांनासुद्धा खरं बोलता येत नाही, हेच त्यात दाखवलंय. आपल्यापैकी बहुतेक जण भलेच असतो की. 'फँड्री' लावायचा असेल तर मात्र सिनेमा संपल्या संपल्या माइकवरून आभार मानू नका. तो दगड लागू दे.

अथणीचा शेतकरी

वडगावात निम्मी वस्ती कन्नड म्हणता, मग कन्नड सिनेमा का नको? राजकुमारांचा 'बंगारद मनुष्य', १९७२चा. मराठी माणसालापण समजतो, एवढी साधी भाषा. विधवा बहिणीच्या संसारासाठी हा शिकलेला माणूस गावात राहतो, पडीक माळ फोडून शेती करतो. शेवटी ज्याच्यासाठी केलं तो भाचाच उलटा बोलतो, आणि हा न बोलता घर सोडून निघून जातो. आमच्या वडिलांनी तो बघितला आणि नोकरीसाठी अर्ज करायचे थांबवून विहिरीचं काम काढलं. तीच विहीर आज माझ्या उसाला पाणी देते. मी स्वतः तो सिनेमा बघतो तेव्हा मला शेवट जास्त लागतो. घरात हिशोबावरून आवाज चढला की मी आधी वडिलांकडं बघतो.

सिनेमा लांब आहे, एवढं लक्षात घ्या. आणि कुठलाही लावा, ज्यांच्याकडं हक्क आहेत त्यांची परवानगी आधी घ्या. रात्री दहानंतर स्पीकर चालत नाही, तेव्हा साडेसहालाच सुरू करा.

वडगावची

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आई, आज्जी आणि शेजारच्या कन्नड काकू यांना बसवून ही सगळी उत्तरं वाचून दाखवली. आज्जीनं 'श्वास' म्हटलं. काकूंनी 'बंगारद मनुष्य' लहानपणी बघितलाय, त्यांचे डोळे तो ऐकूनच भरले, तरी त्यांनी पण 'श्वास'च म्हटलं, कारण त्यांची नात तीन वर्षांची आहे आणि एका डोळ्यानं थोडी तिरकी बघते. 'फँड्री' मी दसऱ्याच्या सुट्टीत तरुण पोरांसाठी वाचनालयात लावणार, चिकोडीकर दादा, तुम्ही या आणि नंतर बोला.

ताई, त्या नातीचं काय करू? आणि सिनेमाच्या दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या पोरांचे डोळे तपासायला तुम्ही येऊ शकाल का?

नेत्रसहायक, खानापूर

नातीसाठी गणपतीची वाट बघू नका. उद्याच जिल्हा रुग्णालयात डोळ्यांच्या विभागात दाखवा. साधा तिरळेपणा असला तरी ह्या वयात उपचार केले तर नजर सुधारते, उशीर केला तर तो डोळा आळशी राहतो. आणि आत जायच्या आधी तिला सांगा की डॉक्टर डोळ्यात बॅटरी मारणार आणि थेंब घालणार.

दुसऱ्या दिवशी यायला मी तयार आहे. तुमच्याकडच्या आरोग्य केंद्राला कळवून ठेवा, म्हणजे पुढं पाठवायची मुलं त्यांच्या वहीत लिहिली जातील. मला अंधार करता येईल अशी एक खोली आणि दोन खुर्च्या लागतील. पाच वर्षांखालची मुलं आधी आणा, सकाळी, झोप आणि खाणं झालेली.