मनात आपुलकी असूनही चेहरा कोरा राहतो, काय करावे?

मुलुंडकर:
मी फोर्टमधील एका कार्यालयात काम करते. चार माणसांत गेले की माझा चेहरा आखडतो. समोरची व्यक्ती हसून बोलली तरी मला हसू फुटत नाही आणि मी मोबाइलमध्ये डोके घालते. सकाळच्या लोकलमधील बायका एकमेकींना हळदीकुंकवाला बोलावतात, मला मात्र कोणी विचारत नाही, आणि मी शिष्ट आहे असे त्यांच्यापैकी एकीने म्हटल्याचे कानावर आले, तेव्हा फार वाईट वाटले. आरशासमोर हसण्याचा सराव करावा का?

परळवासी:
ताई, आरशाचा सराव करू नका, असे मी आग्रहाने सांगेन. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी 1995 मध्ये सोशल अँग्झायटीची, म्हणजे चार माणसांत वावरताना वाटणाऱ्या तीव्र भीतीची, जी मांडणी केली, तिच्यानुसार अशा वेळी माणसाचे लक्ष समोरच्यावरून उठून स्वतःवरच खिळते, आणि बचावासाठी केलेल्या गोष्टींमुळे, म्हणजे नजर टाळण्याने किंवा मोबाइलआड लपण्याने, तो इतरांना तुटक वाटू लागतो. आरसा ते लक्ष आणखी आत वळवेल. शिवाय मनापासूनच्या हसण्यात डोळ्यांभोवतीचा जो स्नायू आकसतो, तो ठरवून हलवणे बहुतेकांना अवघड जाते, हे फ्रेंच वैद्य दुशेन यांनी 1862 मध्येच नोंदवले आहे.

ठाणेकर मावशी:
दुसरी बाजूही सांगते. ही भीती असलेल्यांना समोरचा साधा, निर्विकार चेहराही नाराज वाटण्याची शक्यता अधिक असते. कल्याणहून उभ्याने आलेल्या बाईच्या कपाळावरची आठी तुमच्यासाठी नसते, बाळा. तिचे पाय दुखत असतात.

मुलुंडकर:
हे पटले. पण लक्ष बाहेर वळवायचे कसे?

ठाणेकर मावशी:
शेजारीण मटार सोलत असेल तर भाव विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत तिच्या बोटांकडे, दाण्यांकडे, तिच्या बोलण्याकडे पाहा. आपण कशा दिसतो, याचा हिशेब तेवढा वेळ बाजूला राहू द्या. मोबाइल पर्समध्येच असावा.

परळवासी:
मावशींचा उपाय उत्तम आहे. मात्र त्रासामुळे कामावर किंवा घराबाहेर जाणेच टाळले जात असेल, तर एकटीने झुंजत राहू नका. या विकारावर सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी बोलण्यातून होणारी थेरपी, ही परिणामकारक उपचारपद्धती आहे. केईएम रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि रजा मिळत नसेल तर 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, विनामूल्य क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते, अगदी रात्री घरी पोहोचल्यावरसुद्धा.