घरी केलेला पातळ साबण: तुमचे अनुभव लिहा

रंकाळवेस
काल कोल्हापुरात कपिलतीर्थ मंडईकडून येताना काष्ठौषधीच्या दुकानात रिठ्याचं पोतं दिसलं आणि आत्या आठवली. मंगळवार पेठेतल्या वाड्यात ती मागच्या चुलीवर साबण करायची. रिठ्याचा नाही, तेल आणि कॉस्टिक पोटॅशचा (पोटॅशियम हायड्रॉक्साइड). वडीच्या साबणाला कॉस्टिक सोडा, पातळ साबणाला पोटॅश. लेकीचे हात बाजारच्या हँडवॉशनं फुटायला लागले तेव्हापासून मीही करते.
माझं प्रमाण: खोबरेल २०० ग्रॅम, गोडेतेल २५०, एरंडेल ५०. त्याला ९० टक्के शुद्धतेचं पोटॅश ११७ ग्रॅम, पाणी ३५० ग्रॅम. यात तीन टक्के तेल मुद्दाम शिल्लक राहतं, म्हणून हात कोरडे पडत नाहीत. फेस खोबरेलाचा, तो टिकवून धरतं एरंडेल. नुसत्या खोबरेलाचा फेस डोंगराएवढा येतो, पण कातडी ओढल्यागत होते. सौम्यपणा गोडेतेलानं येतो.
तुमच्या घरी कोण काय करायचं ते लिहा.

कळंबेकरीण
ताई पोटॅश पाण्यात की पाणी पोटॅशात? आणि भांडं कुठलं? गॅसवर दूध आहे, नंतर सविस्तर वाचते

रंकाळवेस
पोटॅश पाण्यात, थोडं थोडं करून. पोटॅशवर पाणी कधीच ओतू नका, उसळतं. भांडं स्टीलचं. अ‍ॅल्युमिनियमला पोटॅश खातं आणि त्यातून वायू सुटतो. हातमोजे, चष्मा, खिडकी उघडी, पोरं बाहेर.

लेथमास्तर
उद्यमनगरात लेथवर हयात गेली. कटिंग ऑइल, ग्रीस, बिडाची काळी भुकटी, नखांच्या कडेला बसली की निघत न्हाई. आमच्याकडं पावडर आणि लाकडाचा भुसा चोळायची पद्धत. हात स्वच्छ व्हायचं पण थंडीत भेगा पडून रक्त यायचं. मंडळींनी असाच पोटॅशचा साबण केला, शिजल्यावर वरचं पाणी न घालता घट्टच ठेवला. चिमूटभर घ्यायचा, भुश्यात मिसळायचा, कोरड्या हातावर चोळायचा, मग पाणी. आता शेडमधली पोरं डबा लपवून ठेवायला लावत्यात, इतका खपतोय.

हुपरीची लेक
माझं माहेर हुपरी, घरात चांदीकाम. पैंजण उजळायला रिठ्याचं पाणी कायम तयार असायचं आणि आई त्याच पाण्यानं आमचे केसही धुवायची 🙂 बी काढून टाकायची, फक्त साल रात्रभर भिजत, सकाळी उकळून गाळायची. डोळ्यात गेलं की आकांत. मी अजून लोकरीचे कपडे, पैठणी त्यातच धुते. फक्त दोन दिवसांत आंबतं, फ्रिजमध्ये ठेवावं लागतं.

पन्हाळारोड
आमच्या रानात रिठ्याचं झाड आहे!! फळं पडून वाया जातात, कुणी नेत नाही. कुणाला पाहिजे?

हुपरीची लेक
मला!! दादा कधी येऊ?

कळंबेकरीण
आले. आमच्याकडं बोअरचं पाणी. घरचा साबण आणला होता जावेकडून, बादलीत पांढरी साय जमली, फेस नावाला. साबण वाईट म्हणून ठेवून दिला.

रंकाळवेस
साबण चांगलाच असणार वहिनी, पाणी जड आहे. जड पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम साबणाला धरतं, त्याचीच ती साय. तोच साबण गाळलेल्या पावसाच्या पाण्यात वापरून बघा, फरक लगेच दिसेल. बोअरच्याच पाण्यात धुवायचं असेल तर रिठा बरा, त्याची साय होत नाही.

बावडा_आजोळ
थोडं लिंबू पिळलं तर सौम्य होतो असं ऐकलंय?

रंकाळवेस
नको. आंबट पडलं की साबण फुटतो आणि तेल वर तरंगतं. खरा साबण अल्कलीच असतो, पीएच ९-१० च्या आसपास. सौम्य करायचा तर तेलं बदला.

बचतगटवाली
आमच्या गटात भांड्यांचं लिक्विड करतो, ते स्लरीचं (डिटर्जंटचा कच्चा माल). ते मिठानं दाटतं, म्हणून मी घरच्या साबणालाही मूठभर मीठ टाकायचं ठरवलं होतं, बरं झालं हा धागा दिसला. रंकाळवेस ताई, मिठानं दाटतो का तुमचा?

रंकाळवेस
खोबरेल जास्त असलं की मिठानं दाटत नाही. पातळ राहू दे की! फेसाचा पंप मिळतो, त्या बाटलीत भरा. एका दाबात तळहातभर फेस, साबणही कमी लागतो. पोरांना तर खेळच होतो.

निपाणीचा_जावई
गोडेतेल म्हणजे घाण्याचं की पिशवीचं? सध्या घाण्याचं परवडत नाही, ते फोडणीलाच राखतो आम्ही

रंकाळवेस
पिशवीचं चालतं, शेंगदाण्याचंच असू दे म्हणजे झालं. तेल बदललं तर पोटॅशचं मापही बदलतं. खोबरेलाला १०० ग्रॅममागे शुद्ध पोटॅश सुमारे २६ ग्रॅम, शेंगदाण्याला १९, एरंडेलाला १८. वाटीनं मोजायचं नाही, ग्रॅमचा काटाच.

शाहूपुरी_३री_गल्ली
२०१९ च्या पुरानंतर घर धुताना आमच्या काकूंनी शेजारच्या चार घरांना असला साबण वाटला होता. चिखलाचा तो वास अजून आठवतो. त्या माऊलीनं पाणी ओसरल्यावर आधी शेजाऱ्यांच्या हातात बाटल्या दिल्या, मग स्वतःच्या उंबऱ्याला पाणी लावलं.

लेथमास्तर
मोठं काळीज. 🙏 आमची शेडबी पाण्यात होती तवा.

कळंबेकरीण
शिजल्याचं कळतं कसं?

रंकाळवेस
तेलात पोटॅशचं पाणी मिसळलेलं पातेलं उकळत्या पाण्याच्या टोपात ठेवायचं, अधूनमधून ढवळायचं. आधी दुधासारखं, मग गुऱ्हाळात गूळ उतरायला येतो तसा चिवट गोळा, ढवळणाऱ्याचा खांदा भरून येतो. शेवटी पांढरा रंग जाऊन कडेनं आरपार दिसायला लागतं. चिमूटभर गरम पाण्यात विरघळवून बघा. पाणी नितळ राहिलं तर झाला, दुधाळ झालं तर तेल बाकी आहे, अजून तासभर ठेवा. मग ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी गरम करून घाला, गोळ्याइतकंच, आणि रात्रभर झाकून ठेवा.

पन्हाळारोड
रिठ्यासाठी रविवारी सकाळी या, वाघबीळला थांबतो. पिशव्या घेऊन या, पोतं माझ्याकडं एकच आहे.

हुपरीची लेक
येते दादा. लेथमास्तर काकांसाठी पण भरून घेऊ का?

लेथमास्तर
घे की पोरी. आमच्या मंडळींना केसाला पाहिजेच हाय.